पडद्यावरची रेंज आणि पॅकमधली वीज

प्रश्न : पाच वर्षं वापरलेली, ६२ हजार किलोमीटर चाललेली एक इलेक्ट्रिक हॅचबॅक घ्यायचा विचार आहे. नवी असताना तिच्या बॅटरीत वापरण्याजोगी ४० युनिट वीज मावत असे. मालक म्हणतात बॅटरी ठणठणीत आहे. पूर्ण चार्ज झाल्यावर पडद्यावर ३१२ किलोमीटर रेंज दिसते, त्याचा फोटो त्यांनी पाठवलाय. सोबत एका अ‍ॅपचा स्क्रीनशॉट आहे, त्यात बॅटरीची तब्येत १०० टक्के. पाच वर्षांनंतर १०० टक्के हे मला पटत नाही, पण उलट प्रश्न विचारण्याइतकी माहितीही नाही. रोजचा प्रवास ६० किलोमीटर आणि महिन्यातून एकदा १८० किलोमीटरचा पल्ला, तोही शक्यतो एका दमात. गाडी आणखी पाच-सहा वर्षं ठेवायची आहे. बॅटरी खरी कशी आहे ते स्वतः कसं तपासू?

उत्तर : मालकांनी पाठवलेले दोन्ही फोटो खरे असतील, आणि तरीही त्यांतून बॅटरीबद्दल काहीच कळत नाही. आधी त्या ३१२ चा हिशेब करून बघा. बॅटरीत किती युनिट आहेत, आणि अलीकडे एका युनिटमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे पडद्यावरची रेंज. पॅकमध्ये, म्हणजे गाडीच्या मोठ्या बॅटरीत, पूर्ण ४० युनिट असतील आणि चालक युनिटला ७.८ किलोमीटर काढत असेल, तर उत्तर ३१२ येतं. पॅकमध्ये ३३ युनिटच उरली असतील, पण कुणी आठवडाभर एसी बंद ठेवून तीस-चाळीसच्या वेगाने गाडी फिरवली आणि युनिटला ९.५ किलोमीटर काढले, तर उत्तर येतं ३१३. पडद्यावरचा आकडा तोच आणि पॅकमध्ये सात युनिटांची तूट. तो फोटो बाजूला ठेवा. १०० टक्क्यांकडे नंतर येऊ.

‘बॅटरी उतरली’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळे आजार मिसळलेले असतात. पहिला, क्षमता कमी होणं. पॅक ज्या छोट्या छोट्या बॅटऱ्यांचा बनतो, त्या प्रत्येक सेलमध्ये ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. उष्णता आणि भरलेल्या बॅटरीने दिवसेंदिवस उभं राहणं, या दोन गोष्टींनी हे वेगाने होतं. सुरुवातीच्या वर्षा-दोन वर्षांत घट जास्त दिसते, मग चाल मंदावते. दुसरा आजार म्हणजे सेलचा अंतर्गत रोध वाढणं. वीज असते, पण जोरात मागितली की मिळत नाही. चढावर किंवा फास्ट चार्जिंगला गाडी नांगी टाकते. तिसरा, एखाददुसरा सेल बाकीच्यांपेक्षा कमजोर पडणं. सेल ओळीने जोडलेले असतात, त्यामुळे एकाचा तळ लागला की बाकीच्यांत वीज असूनही सगळ्या पॅकला थांबावं लागतं. सर्वसाधारण घट हे वय आहे, त्याची किंमत कमी-जास्त करता येते. तिसरा आजार मात्र खर्चात घालतो, आणि तो तब्येतीच्या एका टक्क्यात दिसेलच असं नाही.

म्हणून आमचा सल्ला असा, की एका आकड्यावर जाऊ नका. गाडीचा संगणक काय म्हणतो ते वाचा, वीज स्वतः मोजा, आणि सगळ्यात कमजोर सेल शोधा. तिन्हींचा सूर जुळला तर निर्धास्त व्हा. जुळला नाही तर का जुळला नाही, हे कळेपर्यंत पैसे खिशात ठेवा.

गाडी बघायला जाण्याआधी कागद मागवा. बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांत जे आधी संपेल तोवर, ७० टक्के क्षमतेची हमी देतात. पण ही हमी दुसऱ्या मालकाला मिळते का, ती क्षमता घटण्यावर आहे की फक्त बिघाडावर, गाडी भाड्याने चालवली असेल तर रद्द होते का, हे हमीच्या पुस्तिकेत शब्दशः वाचा. मुदत पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, मॉडेलच्या वर्षापासून नाही. अपघातात किंवा पुरात निकाली काढलेल्या गाडीची हमी बहुधा तिथेच संपलेली असते. तुम्ही बघताय त्या गाडीला नेहमीची हमी असेल, तर तीन वर्षं किंवा ९८ हजार किलोमीटर शिल्लक आहेत. हे साधं आश्वासन नव्हे. कुठल्याही अ‍ॅपच्या आकड्यापेक्षा आम्ही या कागदाला जास्त वजन देऊ.

बॅटरी गाडीसोबत विकत मिळते आहे ना, हेही विचारा. प्रश्न विचित्र वाटेल, पण रेनॉ झोईसारख्या गाड्या एके काळी बॅटरी भाड्याने देऊन विकल्या गेल्या आहेत. गाडी तुमची, बॅटरी कंपनीची आणि दरमहा भाडं, असा करार असेल तर तो गाडीबरोबर तुमच्या गळ्यात येतो.

मग गाडीचा चासी नंबर कंपनीच्या रिकॉलच्या यादीत तपासा. २०२१ मध्ये शेवरोले बोल्टच्या २०१७ ते २०२२ च्या सगळ्या गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या होत्या. एकाच सेलमध्ये फाटलेली टॅब (वीज बाहेर आणणारी पट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर (दोन ध्रुवांमधला पातळ पडदा) असे दोन दोष जुळून आले की आगीचा धोका होता. त्याच वर्षी ह्युंडाई कोनाच्या बॅटऱ्याही मोठ्या संख्येने बदलाव्या लागल्या. अशा गाडीत नवा पॅक बसला असेल तर ती तुमच्यासाठी लॉटरीच आहे, जुन्या गाडीत तरणी बॅटरी. पण काहींना पॅकऐवजी फक्त नवं सॉफ्टवेअर मिळालं, तेव्हा ‘रिकॉल झालंय’ एवढ्यावर थांबू नका, काय काम झालं त्याची पावती बघा.

आता डोंगल. गाडीत स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीची तपासणी करण्यासाठीचं, सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ डोंगल खोचून फोनवरच्या अ‍ॅपमधून बॅटरीच्या संगणकाशी, म्हणजे बीएमएसशी, बोलता येतं. निसान लीफसाठी लीफस्पाय हे अ‍ॅप आहे, बाकी बऱ्याच गाड्यांना कार स्कॅनर चालतं. काही गाड्यांना, टेस्लासारख्या, वेगळी वायर जोडावी लागते. अगदी स्वस्तातलं डोंगल मधेच तुटतं आणि अर्धवट आकडे दाखवतं, म्हणून आपल्या मॉडेलवर चाललेलं डोंगल कुणाकडून मागून न्या. काम झालं की काढून घ्या. तसंच राहिलं तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते.

अ‍ॅपमध्ये पहिल्यांदा नजर जाईल ती ‘एसओएच’वर, म्हणजे तब्येतीच्या टक्क्यावर. हा आकडा मोजलेला नसतो. तो बीएमएसचा अंदाज असतो आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढते. कोना, किआ निरो यांसारख्या गाड्यांत तो कित्येक वर्षं १०० वर ठाण मांडून बसतो, कारण पॅकमध्ये थोडी क्षमता राखीव असते आणि सुरुवातीची घट त्या राखीव भागात जिरते. तुमच्या मालकांचा १०० टक्क्यांचा स्क्रीनशॉट असा प्रामाणिक असू शकतो. तो खोटाही असू शकतो. जुन्या लीफमध्ये तब्येतीच्या १२ पट्ट्या असतात. पहिली पट्टी साधारण १५ टक्के क्षमता गेल्यावर विझते, पुढची प्रत्येक साधारण सव्वासहा टक्क्यांनी. बीएमएसची स्मृती पुसली की सगळ्या बारा पट्ट्या पुन्हा पेटतात, आणि गाडी काही आठवडे चालल्यावर एकेक करून परत विझतात. तोवर व्यवहार झालेला असतो. विक्रीच्या तोंडावर गाडी एकाएकी टवटवीत झालेली दिसली तर जुन्या सर्व्हिसच्या कागदांवरचे टक्के मागा.

टेस्लात सर्व्हिस मोडमधून तब्येतीची चाचणी करता येते. गाडी चार्जरला लावून ठेवावी लागते; ती बॅटरी आधी जवळपास रिकामी करते, मग पूर्ण भरते आणि टक्का सांगते. रात्रभराचं काम आहे, पण करण्यासारखं.

टक्क्यापेक्षा जास्त मोलाची गोष्ट त्याच अ‍ॅपच्या पुढच्या पानावर असते: प्रत्येक सेलचा व्होल्टेज. जुन्या लीफच्या पॅकमध्ये ओळीने ९६ जोड्या असतात, तर स्क्रीनवर ९६ उभ्या काड्या दिसतात. गाडी अर्ध्या चार्जवर, निदान अर्धा तास उभी असताना हे पान उघडा. निकेलवाल्या, म्हणजे एनएमसी प्रकारच्या निरोगी पॅकमध्ये सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सेल यांच्यात २०-३० मिलिव्होल्टच्या आत फरक असतो. ५० च्या वर गेला तर खोलात शिरा. १०० च्या वर असेल तर कारण कळल्याशिवाय घेऊ नका.

आता एक उदाहरण जवळून पाहू. समजा ९५ सेल ३.७१ ते ३.७२ व्होल्टवर आहेत आणि ४३ नंबरचा ३.६६ वर. ५०-६० मिलिव्होल्टचा फरक. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, कारण तीन कारणं संभवतात. मालकांना गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही बाजूच्या सीटवर स्क्रीन धरा. मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा सेकंद जोरात पिकअप घ्यायला लावा. बाकीचे ३.५८ वर उतरले आणि ४३ नंबर ३.५२ वर, म्हणजे फरक होता तेवढाच राहिला, तर तो सेल नुसता मागे पडलाय. ते असंतुलन आहे; काही वेळा पूर्ण चार्ज करून चार्जरवरच राहू दिलं की बीएमएस ते बऱ्याच अंशी भरून काढतो. पण तोच सेल पिकअपला ३.४१ पर्यंत कोसळला, आणि ब्रेक लावून गाडी वीज परत भरायला लागली की सगळ्यांच्या वर उसळला, तर त्याचा रोध वाढलाय. सेल खराब होतोय किंवा त्याची जोडणी सैल आहे. तिसरी शक्यता कळायला बॅटरी खाली उतरवावी लागते. वर सगळ्यांच्या बरोबरीने असलेला सेल १५ टक्क्यांवर आल्यावर एकटाच खड्ड्यात गेला, बाकीचे ३.५० वर आणि तो ३.३२ वर, तर त्याची क्षमताच कमी आहे. बॅटरी कितीही भरा, पॅकचा तळ हाच सेल ठरवणार. अशी गाडी १० टक्के दाखवता दाखवता अचानक बंद पडते.

पॅक एलएफपी प्रकारचा, म्हणजे लोह-फॉस्फेटवाला असेल तर ही परीक्षा अर्ध्या चार्जवर घेऊ नका. त्याचा व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळपास सपाट, ३.३ च्या आसपास, असतो. सेलमध्ये दहा टक्के तफावत असली तरी तिथे चार-पाच मिलिव्होल्टच दिसतात आणि आपण खूश होऊन घरी येतो. फरक उघडा पडतो तो ९५ टक्क्यांच्या वर किंवा १५ टक्क्यांच्या खाली. याच सपाटपणामुळे एलएफपीमध्ये किती चार्ज उरलाय याचा बीएमएसचा अंदाजही चुकत जातो. अशी गाडी आधी १०० टक्के भरून घ्या, मगच पुढची मोजणी करा.

काही गाड्यांत बॅटरीने जन्मभरात एकूण किती युनिट दिली आणि घेतली याचीही नोंद सापडते. ती दिसली तर सोडू नका, कारण ओडोमीटर खरा आहे का हे तिच्यावरून ताडता येतं. तुमच्या गाडीने ६२ हजार किलोमीटरमध्ये साधारण १५ युनिटला १०० किलोमीटर या हिशेबाने ९,३०० युनिट खर्च केली असतील. ब्रेकमधून परत आलेली वीजही पुन्हा खर्च होते, म्हणून नोंद पंधरा-वीस टक्क्यांनी फुगलेली दिसेल. ११ हजारांच्या आसपास ठीक आहे. तिथे २१ हजार दिसले, तर एक तर किलोमीटर मागे फिरवलेत, नाहीतर गाडी तासन् तास एसी लावून उभी राहिली, किंवा तिच्यातून बाहेर वीज पुरवली गेली. मालकांना विचारा आणि त्यांच्या तोंडाकडे बघा. फास्ट चार्जिंग किती वेळा झालं तो आकडाही बहुधा शेजारीच असतो. त्याला लोक नको तितके घाबरतात. आकडा मोठा असला तरी पॅकला पाण्याचं कूलिंग असेल आणि सेलचे व्होल्टेज एकसारखे असतील, तर तेवढ्यावरून गाडी नाकारू नका. हवेवर थंड होणाऱ्या पॅकमध्ये मात्र तोच आकडा गंभीर आहे, विशेषतः गाडी उष्ण हवेत वापरली गेली असेल तर.

मोजणीचं मुख्य काम रस्त्यावर होतं. हवा २०-२५ अंशांची असेल असा दिवस निवडा. थंडीत पॅक तात्पुरता आखडतो आणि चांगली बॅटरीही आजारी दिसते. गाडी ९० टक्क्यांवर ताब्यात घ्या, ट्रिप मीटर शून्य करा आणि नेहमीच्या वेगाने ३० टक्क्यांपर्यंत चालवा. समजा १२८ किलोमीटर झाले आणि सरासरी खर्च १०० किलोमीटरला १५.२ युनिट आला. एकूण खर्च साडेएकोणीस युनिट. एवढ्यात ६० टक्के गेले, म्हणजे १०० टक्क्यांना साडेबत्तीस युनिट. नवीन गाडीच्या ४० शी तुलना केली की ८१ टक्के.

इतकं लांब चालवायचं कशासाठी, असं मालक म्हणतीलच. कारण पडद्यावरचा टक्का पूर्णांकात असतो. ६० टक्क्यांत एका टक्क्याची चूक झाली तर उत्तर पावणेदोन टक्क्यांनी हलतं. नुसते २० टक्के खर्च करून मोजलं तर तीच चूक ५ टक्क्यांची होते, आणि ८१ ची तब्येत ८५ भासते. चौकात एक फेरी मारून बॅटरी कळत नाही. आणखी एक खोच आहे: काही गाड्यांचं ट्रिप मीटर उभ्या गाडीतला एसीचा खर्च धरत नाही. म्हणून मधे थांबून गप्पा मारायच्या असतील तर गाडी बंद करून खाली उतरून मारा.

मग गाडी तशीच चार्जरवर न्या आणि उलट्या दिशेने ताळा घ्या. फास्ट चार्जरवर वीज थेट बॅटरीत जाते आणि गळती साधारण ५ टक्के धरता येते. ३० वरून ८० पर्यंत, म्हणजे ५० टक्के भरताना चार्जरने १७ युनिट दाखवली, तर त्यातली १६ च्या थोडी वर पॅकमध्ये पोचली. दुप्पट केली की सव्वाबत्तीस. रस्त्यावरचा आणि चार्जरवरचा हिशेब दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळला तर विश्वास ठेवायला हरकत नाही. घरच्या चार्जरवर हाच प्रयोग केला तर गळती १० ते १५ टक्के धरा. चार्जिंग जितकं संथ, तितकी गळती जास्त, कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स तेवढा जास्त वेळ जागी राहतात.

फास्ट चार्जरवर असताना वेगही बघा. दीड-दोन तास चालून पॅक कोमट झालाय, चार्ज ३० टक्के आहे. ५० किलोवॅट घेणारी गाडी इथे ४० च्या वर जायला हवी. २२ वर अडकली तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका, आधी दुसऱ्या चार्जरवर लावून बघा. तिथेही तेच झालं तर अ‍ॅपमध्ये पॅकच्या निरनिराळ्या सेन्सरचं तापमान काढा. एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा सात-आठ अंशांनी तापलेला असेल तर बीएमएस त्याच्यामुळेच हात आखडतोय, आणि तिथे कूलिंग किंवा सेल यांपैकी एकाचं बिघडलंय. चार्जिंग पोर्टच्या पिना टॉर्च मारून बघा. पिन तांबूस-काळी पडलेली किंवा तिच्याभोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन वाकलेलं असेल तर तिथे सैल जोडणीने उष्णता झालीय. आणि फास्ट चार्जिंग चाललं म्हणून साध्या चार्जरची चाचणी टाळू नका. घरची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा, गाडीतला ऑनबोर्ड चार्जर फक्त तिथेच वापरला जातो, फास्ट चार्जिंगला तो मधे येतच नाही. त्याचा बिघाड फास्ट चार्जरवर कधीच कळणार नाही.

गाडी लिफ्टवर चढवायला मिळाली तर पाच मिनिटांत बरंच दिसतं. पॅकच्या तळाच्या पत्र्याला आत गेलेला पोचा आहे का, कडेला अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी आहे का, कूलंट सुकून खपली धरलीय का. मळलेल्या बोल्टांमध्ये चार-सहा चकचकीत, पान्याच्या खुणा असलेले बोल्ट दिसले तर पॅक खाली उतरवला गेलाय. कंपनीत मॉड्यूल, म्हणजे पॅकमधला सेलचा एखादा गठ्ठा, बदललं असेल तर कागद दाखवता येईल. बाहेर कुठे जुन्या गाडीतलं मॉड्यूल बसवलं असेल तर वर सांगितलेला ४३ नंबरचा सेल तिथेच सापडेल. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत गाळाची रेघ असेल तर गाडी पाण्यात उभी होती. नारिंगी केबल बघायच्या, हात लावायचा नाही. त्या उच्च दाबाच्या असतात. पॅकमध्ये ओल शिरली असेल तर इन्सुलेशनचा रोध घसरतो आणि तो आकडा बऱ्याच अ‍ॅपमध्ये दिसतो. नियमाप्रमाणे किमान मर्यादा व्होल्टमागे १०० ओहमची, म्हणजे ४०० व्होल्टच्या पॅकला ४० किलो-ओहम. सुकी, निरोगी गाडी त्याच्या कितीतरी पट वर असते. आकडा या मर्यादेच्या जवळपास रेंगाळत असेल तर पुढचं काही बघूच नका.

छोट्या, १२ व्होल्टच्या बॅटरीने फसू नका. ती कमजोर झाली की पडद्यावर भयानक इशारे उमटतात, गाडी सुरूच होत नाही, आणि मोठ्या पॅकला काहीही झालेलं नसतं. उलट, हाच बहाणा खऱ्या दोषावर पांघरूण घालायलाही वापरतात. म्हणून दोषांचे कोड गाडी हातात घेताना एकदा आणि सगळी चाचणी झाल्यावर पुन्हा एकदा वाचा. आदल्या रात्री पुसलेले कोड शंभरेक किलोमीटरमध्ये बहुधा परत उगवतात.

आता तुमचा निर्णय. समजा सगळा हिशेब ८१ टक्क्यांवर जुळला आणि सेल एकसारखे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मंचाने २०२२ मध्ये जो जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ संमत केला, त्यात किमान अपेक्षा ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजारांपर्यंत ७० टक्के अशी आहे. त्या पट्टीने ही गाडी काठावर पास आहे. रोजच्या ६० किलोमीटरला १० युनिट पुरतात. ते काम ती पाच वर्षांनीही डोळे झाकून करेल. अडचण १८० च्या पल्ल्याची आहे. महामार्गाच्या वेगाने १०० किलोमीटरला १७ युनिट धरा, तर साडेबत्तीस युनिटांत १९० किलोमीटर होतात, तेही शून्याला टेकून. शेवटचे १० टक्के राखले की उरतात १७०. पुढे वर्षाला दीड-दोन टक्के घट धरली तर पाच वर्षांनी हाच आकडा १५० च्या आसपास येईल. म्हणजे ‘एका दमात’ ही अट आजच सुटलेली आहे. वाटेत वीस मिनिटं थांबण्याची तयारी असेल तर ही गाडी घ्या, आणि भाव ४० युनिटांच्या गाडीचा न देता साडेबत्तीस युनिटांच्या गाडीचा द्या. थांबायचंच नसेल तर मोठ्या पॅकची दुसरी गाडी शोधा. घासाघीस करून किलोमीटर वाढत नाहीत.

हिशेब ९० टक्क्यांच्या वर आला आणि मालकांचा स्क्रीनशॉटही १०० चा, तर दोघे आपापल्या जागी बरोबर आहेत, राखीव क्षमतेची ती गंमत. हिशेब ७४ वर आला आणि स्क्रीनशॉट १०० चा, तर बीएमएस पुसलाय किंवा एखादा सेल सगळ्यांना खाली खेचतोय. अशा वेळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा लेखी अहवाल, तोही मालकांच्या खर्चाने, एवढं एकच मागणं ठेवा. डोंगल लावायलाच नकार मिळाला तर निरोप घ्या.

गाडी घेतलीत तर त्या दिवशीच्या सगळ्या स्क्रीनचे फोटो, ओडोमीटर आणि तापमान दिसेल असे, जपून ठेवा. दर सहा महिन्यांनी साधारण त्याच हवेत तेच फोटो पुन्हा काढा. हमीची तीन वर्षं संपायच्या आत पॅक ७० च्या खाली गेला तर दाव्यासाठी हीच नोंदवही हाताशी लागेल. म्हणून मुदत संपण्याआधी चार महिने कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.